अंगावरचा कूलर

भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. ऑफिसातले दोन सोबती त्याला नोव्हेंबरात एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला नेताहेत. बंदूक ते चालवणार, हा मांस वाहून आणणार. चार दिवस डोंगरात तंबू, कधी पाऊस, कधी बर्फ. परवा फोन आला, "मामा, आईनं पाठवलेले थर्मल आणि जीन्स चालतील न?" ताईनं ते थर्मल सीताबर्डीवरून घेतलेले, शंभर टक्के सुती. कॉटनसारखं कापड नाही, हे तिचं ठाम मत आहे आणि नागपूरच्या मे महिन्यात ते खरंही आहे.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. तेव्हा नागपूरकर मामानं यात काय सांगावं, असं कोणी म्हणेल. पण ओल्या कापडाचं विज्ञान आपल्याइतकं कोण जवळून बघतं? दर उन्हाळ्यात आपण ते खिडकीत बसवतो. वाळ्याच्या ताटीवर पाणी सोडायचं, पंख्यानं त्यातून हवा ओढायची. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि खोली गार होते. सुती बनियान घामानं भिजली, वरून वारा लागला की तोच कूलर अंगावर चालू होतो. फरक इतकाच, की आता गार व्हायची खोली म्हणजे तुमची छाती.

मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. माझी सुती बनियान कोरडी १४० ग्रॅम भरली. बादलीत बुडवून, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पिळली, तरी २९० ग्रॅम. म्हणजे आत १५० ग्रॅम पाणी. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे १५० ग्रॅमला झाले ३६० किलोज्यूल. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅटनं उष्णता तयार करतं, तासाला बरोबर तेवढीच! थोडी उष्णता हवेकडूनही मिळते, सगळा भुर्दंड शरीरावर पडत नाही. पण एक बनियान अंगावर वाळवायची किंमत तासाभराच्या उष्णतेच्या आसपास जाते, हे काही थोडं नाही. जीन्सचा हिशेब मी केला नाही, हिंमत झाली नाही. मागं एकदा उमरेड-कऱ्हांडल्याच्या सफारीत अवकाळी पावसानं गाठलं होतं. उघड्या जिप्सीत भिजलेल्या जीन्सनं गुडघे असे आखडले, की उतरताना ड्रायव्हरचा हात धरावा लागला.

कापूस पाणी सोडत का नाही? कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांबलचक रेणूंवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या असतात आणि पाण्याचा रेणू त्यांना चिकटतो. धागा फुगतो, धाग्यांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरतात. खरी ऊब त्या पोकळ्यांतल्या अडकलेल्या हवेची असते. स्वेटर स्वतः काही तापत नाही. पाणी हवेच्या वीस-बावीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे पोकळी भरली की ऊब गेली. पॉलिएस्टरच्या रेणूला पाण्याचं असं प्रेम नाही. नेहमीच्या दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही.

मग लोकर? ती तर १६ टक्के धरते, कापसाच्या दुप्पट! इथे मला खरी मजा येते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात आणि त्यांवर स्निग्ध पदार्थाचा अतिपातळ थर. पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळतो, पण वाफेचे सुटे रेणू आत शिरतात आणि केराटिन या प्रथिनाला चिकटतात. वाफ चिकटली की उष्णता बाहेर पडते, म्हणजे कूलरचा उलटा हिशेब. कोरड्या तंबूतून दमट धुक्यात आल्यावर लोकर काही वेळ चक्क किंचित तापते. भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरं राखणाऱ्या धनगराला केराटिन हा शब्द माहीत नसेल, कापड मात्र त्यानं अचूक निवडलं.

म्हणून भाच्याला सांगितलं: अंगालगत मेरिनो मेंढीची मऊ लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस (पॉलिएस्टरचं मऊ, लवदार कापड) किंवा लोकरी स्वेटर, सर्वांत वर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. पिसांचं जॅकेट कोरड्या तंबूपुरतं, कारण ओली पिसं चिकटून चपटी होतात. सर्वांत वरचं जॅकेट झगझगीत केशरी किंवा गुलाबी हवंच. बंदुकीनं मोठी शिकार करणाऱ्यांना कोलोरॅडोत तो रंग कायद्यानंच सक्तीचा आहे.

'श्वास घेणाऱ्या', म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या, जॅकेटच्या जाहिरातींवर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्वचेजवळ, ३३ अंशांना, वाफेचा दाब जास्तीत जास्त ५ किलोपास्कल असतो. बाहेर २ अंशांच्या ओल्या हवेत तो ०.७. हा फरक वाफेला बाहेर ढकलतो, पण पावसानं गार पडलेल्या जॅकेटच्या आतल्या बाजूला वाफ पोचली, की तिथेच तिचं पाणी होतं, जसं थंड ताकाच्या पेल्यावर होतं. चढ चढताना शरीर ४००-५०० वॅट उष्णता काढतं, तेवढ्या घामाला कुठलंच कापड पुरं पडत नाही. त्यापेक्षा चेन उघडावी, स्वेटर काढून पाठीवर टाकावा आणि थोडी थंडी वाजत असतानाच चालायला लागावं.

"दोन घोट घेतले की गरम वाटतं म्हणतात इथे," भाचा म्हणाला. वाटतंच. दारूनं त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं आणि उष्णता बाहेर पळते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं, की हायपोथर्मिया. आधी हुडहुडी, मग बोलणं अडखळतं, डोकं चालेनासं होतं. त्यासाठी बर्फच पडायला हवा असंही नाही. ८-१० अंश, ओले कपडे आणि वारा पुरतो. नागपूरचा पारा २०१८ च्या डिसेंबरात ३.५ पर्यंत उतरला होता, तेव्हा आपल्यालाही हे अगदीच परकं नाही.

यादी त्यानं मुकाट्यानं लिहून घेतली. शेवटी हळूच विचारलं, "मामा, आतली चड्डी तरी सुती चालेल?"

"तीही नाही. आणि आईला यातलं काही सांगू नको."