गॅटलिनबर्गची खरेदी: आधी ग्लेड्स, मग पार्कवे

अटलांटाहून शनिवारी पहाटे निघालं की अकराच्या सुमारास आपली सहलीची गाडी टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला पोचते. पार्कवे दिसला रे दिसला की मागून आवाज येतो, “इथंच सोडा ना, अर्ध्या तासात दुकानं बघून येतो.” आम्ही सोडत नाही. का, ते दर फेरीला सांगावं लागतं, म्हणून हे पत्रक.

पार्कवे हा गावाचा मुख्य रस्ता. गाव जेमतेम चार हजार वस्तीचं, पण शनिवारी या रस्त्यावर तुळशीबागेसारखी गर्दी. फज आणि टॅफीसारख्या मिठाया, टी-शर्ट, फ्रिजवर लावायची चित्रं, सगळं इथं मिळतं आणि रात्री उशिरापर्यंत मिळतं. हाताने घडवलेल्या वस्तूंसाठी मात्र ग्लेड्स रोडलाच जावं लागतं. गावाच्या पूर्वेला हा आठ मैलांचा गोल रस्ता आहे. तिथल्या कारागिरांची संघटना १९३७ पासूनची. मातीची भांडी, गोधड्या, टोपल्या, कोरीव लाकूडकाम, चामड्याच्या वस्तू. पुष्कळ ठिकाणी बनवणारा आणि विकणारा माणूस एकच. पाचच्या सुमारास ही मंडळी दार लावतात, आणि रविवारी काही जण उघडतच नाहीत. अर्ध्या तासासाठी पार्कवेवर उतरलेले लोक गोळा होईपर्यंत चार वाजतात. मग ग्लेड्सला जाऊन बंद दारांचे फोटो काढायचे, आणि परतीच्या वाटेवर “हँडमेड काहीच दिसलं नाही” हे आम्ही ऐकायचं.

तिथं आम्हाला कमिशन मिळतं का, असं काही जण हळूच विचारतात. नाही मिळत. कोणत्या दुकानात शिरायचं हेही आम्ही सांगत नाही. संघटनेचं चिन्ह दारावर आहे का, एवढं बघा. आणि कृपया घासाघीस करू नका. समोर बसून बांधलेली केरसुणी वॉलमार्टच्या भावात कशी मिळेल? दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या काही जणी लक्ष्मीपूजनासाठी मुद्दाम तीच घेतात, आणि आम्हाला ते फार आवडतं. ॲपल बटरच्या (सफरचंदाच्या जॅमसारख्या घट्ट गराच्या) बरण्या भारतात न्यायच्या असतील तर चेक-इन बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत अडवतील.

संध्याकाळ सगळी पार्कवेची. मत्स्यालयात शार्कच्या तळ्याखालून सरकता पट्टा जातो. आजीआजोबांना चालावं लागत नाही, मुलंही खूश. स्कायब्रिज हा ६८० फुटांचा झुलता पूल, मधल्या भागात पायाखाली काच. उंचीची भीती असेल त्यांनी तिकीट काढण्याआधी विचार करावा. मूनशाइन, म्हणजे इथली गावठी दारू, चाखायची असेल तर वय २१ हवं आणि मूळ ओळखपत्र जवळ हवं. भारतातून आलेल्या बाबांचा पासपोर्ट अटलांटाच्या कपाटात राहिला, तर ते बाहेरच्या बाकावर.

रविवारी न्यूफाउंड गॅप, म्हणजे ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कमधली डोंगरखिंड. उंची ५,०४६ फूट, त्यामुळे गावात ऊन असलं तरी वर जॅकेट लागतं. डबा जरूर आणा, पार्कमध्ये हॉटेलं नाहीत. पण तिखटमिठाच्या पुऱ्यांची पिशवी टेबलावर ठेवून फोटोला जाऊ नका. हा अस्वलांचा मुलूख आहे.

आमच्या मागोमाग स्वतःची गाडी आणणाऱ्यांसाठी: पार्कमध्ये १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करायची तर मार्च २०२३ पासून पार्किंग टॅग लागतो. दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५, वर्षाचे ४०. टॅग छापील हवा आणि गाडीत दिसेल असा लावायचा; फोनवरचा फोटो चालत नाही. “आमच्याकडे नॅशनल पार्कांचा वार्षिक पास आहे” हेही चालत नाही. इथं प्रवेशशुल्क मुळातच नाही, हे पैसे गाडी उभी करण्याचे आहेत.

ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा रस्ते तुंबतात आणि आमच्या जागाही लवकर भरतात. आईवडील येणार असतील तर त्यांचं तिकीट ठरताच आम्हाला कळवा, पुढच्या सीट त्यांच्यासाठी राखून ठेवू. दहा जणांचा गट असेल तर पूर्ण गाडी तुमची. मग वाटेत कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवा. क्रम मात्र तोच, आधी ग्लेड्स.