साठ वर्षं झाली म्हणून गाणं फुकट होत नाही

'गाण्याला साठ वर्षं झाली की ते सगळ्यांचं, खुशाल आपल्या संचात घाला.' जुन्या गाण्यांचे संच काढणाऱ्यांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. त्यात निम्मं खरं आहे, आणि घोळ त्या निम्म्यानेच होतो.

साठ वर्षांचा तो हिशेब ध्वनिमुद्रणाचा. भारतीय कायद्यात तो प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून धरतात. 1960 साली आलेल्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क 2020 अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, आणि ते कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतात. त्या तबकडीवर शब्द गदिमांचे आणि चाल बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, असेल तर? गदिमा 1977 साली गेले, म्हणजे शब्द 2037 अखेरपर्यंत बांधलेले. सुधीर फडके 2002 साली गेले, म्हणजे चाल थेट 2062 अखेरपर्यंत. तबकडी मोकळी, गाणं नाही! आणि तबकडीही मूळचीच हवी बरं का. तेच गाणं पुढे 1990 साली पुन्हा ध्वनिमुद्रित झालं असेल, तर त्याची साठ वर्षं निराळी.

कार्यक्रमात गाणी वाजवायला घेतलेला परवानाही इथे कामाचा नाही. संच काढणं म्हणजे प्रती काढणं, त्याला हक्कदारांची स्वतंत्र लेखी परवानगी लागते. तिच्यात मुदत आणि प्रदेश नीट लिहून घ्या. लिहिलं नाही, तर कायदा मुदत पाच वर्षं धरतो आणि प्रदेश फक्त भारत.