नावात हाड असलेलं प्रोटीन
बीएमपी, म्हणजे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, हे हल्ली मणक्याच्या सर्जरीच्या निमित्ताने कानावर पडतं, पण स्टोरी बरीच जुनी आहे. 1889 मध्ये निकोलस सेन नावाच्या अमेरिकन सर्जनने इन्फेक्शनने पोखरलेल्या हाडातल्या पोकळ्या भरायला बैलाचं हाड वापरलं, त्यातलं कॅल्शियम काढून, आणि त्या पोकळ्या नव्या हाडाने भरून यायला लागल्या. का, ते कोणालाच कळेना.

मग थेट 1965. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या युनिव्हर्सिटीतले ऑर्थोपेडिक सर्जन मार्शल युरिस्ट यांनी हाड हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ठेवून त्यातलं कॅल्शियम काढलं आणि उरलेला मऊ तुकडा सशाच्या स्नायूत ठेवला. स्नायूत हां, हाडाजवळ नाही. काही आठवड्यांनी तिथे नवं हाड तयार, आत मज्जेसकट! म्हणजे त्या मेलेल्या तुकड्यात असं काहीतरी होतं जे आजूबाजूच्या पेशींना हाड बनवायला लावत होतं. 1971 ला त्याला बीएमपी नाव मिळालं, पण प्रोटीन अजून हाती लागलेलंच नव्हतं, बारसं आधी आणि बाळ नंतर असला प्रकार.

ते हाडात इतकं थोडं आणि इतकं घट्ट अडकलेलं असतं की वेगळं काढणं महाकठीण. दिल्ली युनिव्हर्सिटीतून पीएचडी केलेले हरी रेड्डी आणि त्यांचे सहकारी संपत यांनी 1981 ला दाखवलं की हाडातून विरघळून निघालेला भाग आणि मागे उरलेला चोथा, दोन्ही एकेकटे निरुपयोगी, पण परत एकत्र केले की हाड बनतं. 1988 ला वॉझनी नावाचे संशोधक आणि त्यांच्या टीमने या प्रोटीनच्या जीन्स शोधल्या तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं, बीएमपी हे एक प्रोटीन नसून अख्खी फॅमिली आहे. गंमत म्हणजे बीएमपी-1 त्या फॅमिलीतलं निघालंच नाही, ते प्रोटीन कापणारं एन्झाइम आहे, नाव मात्र तेच राहिलं.

आणि खरं तर नाव सगळ्यांचंच चुकलंय म्हणा. किडनी, डोळे, दात, सगळीकडे ही प्रोटीन्स लागतात, फळमाशीतसुद्धा त्यांचा भाऊबंद सापडला. गर्भात बोटांमधली कातडी मरून बोटं सुटी होतात तीही यांच्यामुळे, बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचं प्रोटीन त्यांना अडवतं म्हणून तिथे पडदा राहतो.

2002 मध्ये अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, बीएमपी-2 ला कमरेच्या मणक्याच्या फ्यूजनसाठी, म्हणजे मणके एकमेकांना जोडण्यासाठी, मान्यता दिली, 2008 मध्ये त्याच एफडीएला मानेत वापरल्यास सूज येऊन श्वास अडकू शकतो असा इशारा द्यावा लागला. 2006 ला एफओपी या दुर्मिळ आजाराचं मूळही इथेच सापडलं, बीएमपीचा सिग्नल घेणाऱ्या रिसेप्टरच्या जीनमध्ये एका अक्षराचा बदल आणि स्नायूंचं हळूहळू हाड व्हायला लागतं, ते ऑपरेशन करून काढावं तर त्या जखमेतून आणखी हाड येतं.