चुलवाणातलं चिपाड आणि सोडियमचं बिऱ्हाड

निपाणीजवळच्या एका गुऱ्हाळावर गरम काकवी चाखत उभा होतो. चुलवाणात एक जण वाळलेलं चिपाड सारत होता. तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "पावनं, मंड्यात लिथियम सापडलंय म्हणं. आता बॅटऱ्या फुकटात!" कर्नाटकातल्या मंड्यातल्या साठ्याचा अंदाज जेमतेम १,६०० टनांचा आहे, एवढंच मी सांगितलं. त्याच्या नव्या ई-स्कूटरच्या हँडलला लिंबू-मिरची लटकत होती. त्याच लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खुपसली, तर निदान पाऊण-एक व्होल्ट तरी मिळेल!

माझं लक्ष मात्र चिपाडाकडे होतं. लिथियमऐवजी सोडियम घ्यायचं तर ते मिठातच आहे. अडचण ऋण ध्रुवाची. लिथियम बॅटरीत तिथं ग्रॅफाइट असतं: कार्बनचे सपाट थर, कॅटातल्या पत्त्यांसारखे एकावर एक. चार्ज करताना आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, या थरांमध्ये शिरतात. सोडियम जवळपास शिरतच नाही. 'आयन मोठा, म्हणून मावत नाही,' असं सर्रास छापलं जातं. मग त्याहून मोठं पोटॅशियम कसं शिरतं?

खरी भानगड ऊर्जेच्या जमाखर्चाची. थरात शिरणारा अणू आपला इलेक्ट्रॉन कार्बनला देतो. लिथियमचा इलेक्ट्रॉन सोडवायला ऊर्जा जास्त लागते, पण त्याचा इवलासा आयन कार्बनला घट्ट धरतो आणि खर्च वसूल होतो. पोटॅशियमची पकड सैल, पण इलेक्ट्रॉन स्वस्तात सुटतो. सोडियमची पकड लिथियमएवढी नाही, इलेक्ट्रॉनही पोटॅशियमइतका स्वस्त नाही. हिशेब तोट्यात.

तोड निघाली ती साखरेतून. २००० साली कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोज हवेशिवाय तापवून कार्बन केला. त्यात सोडियम शिरलं: ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास (साठणाऱ्या विद्युतभाराचं माप). (ग्रॅफाइट लिथियमला ३७२ देतं.) या 'हार्ड कार्बन'मध्ये थर नीट रचलेले नसतात, पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे आडवेतिडवे अडकलेले असतात. मधल्या फटींत आणि पोकळ्यांत सोडियम बिऱ्हाड करतं. काही कोळसे ३,००० अंशांपर्यंत तापवले तरी ग्रॅफाइट होत नाहीत, हे रोझालिंड फ्रँकलिननं १९५१ मध्येच दाखवलं होतं. होय, डीएनएच्या रचनेच्या शोधातली तीच.

चिपाडातही तेच ग्लुकोज आहे, सेल्युलोजच्या साखळीत ओवलेलं. चुलवाणात हवा मिळते, म्हणून राख होते. बंद भट्टीत नायट्रोजनखाली हजारभर अंशांवर तापवलं की कार्बन उरतो. त्यातलं सिलिका वगैरे मात्र धुऊन काढावं लागतं.

आणि बॅटरी वाकणारी हवी असेल तर? धातूच्या पत्र्यावर लेपलेली पूड वाकवली की भेगाळते. म्हणून चिपाडाचाच थोडा लगदा न जाळता कागदासारखा पसरायचा आणि कार्बन त्या तंतूंत अडकवायचा. पत्रा वाकला की बाहेरची बाजू जाडी भागिले दुप्पट त्रिज्या इतकी ताणते. ०.१ मिलिमीटरचा कागद १ सेंटिमीटर त्रिज्येभोवती गुंडाळला तर ताण अर्धा टक्का. जाडी १ मिलिमीटर केली की तोच ५ टक्के, आणि थर सुटू लागतात. शिवाय सेल्युलोज हवेतलं पाणी ओढतं, अशा बॅटरीला पाणी चालत नाही. बेळगावकडच्या खानापूरच्या पावसात हा कागद वाळवणार कसा, ते आधी सोडवायला हवं.