पोर्ट स्कॅन : घरगुती फायरवॉलच्या सूचना

एखाद्या संगणकावर कोणत्या सेवा चालू आहेत हे बाहेरून कळावे म्हणून त्याच्या अनेक पोर्टांवर, म्हणजे सेवांच्या क्रमांकित दारांवर, जोडणीच्या विनंत्या पाठवण्याच्या क्रियेस पोर्ट स्कॅन म्हणतात. टीसीपी व यूडीपी या माहिती वाहून नेण्याच्या दोन्ही प्रोटोकॉलांत (नियमसंचांत) पोर्ट क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणून क्रमांक ० ते ६५५३५ होतात. १०२३ पर्यंतचे क्रमांक सर्वपरिचित सेवांकडे आहेत, तर ४९१५२ पासून पुढचे तात्पुरत्या वापरासाठी सोडलेले आहेत.

या तंत्राचा उगम वादग्रस्त आहे. मोडेमने एकामागून एक दूरध्वनी क्रमांक फिरवून पलीकडचा संगणक शोधण्याची १९८० च्या दशकातील ‘वॉर डायलिंग’ ही रीत काही लेखक त्याचे मूळ मानतात. त्या रीतीत मात्र यंत्र सापडले की शोध संपत असे. एकाच यंत्रावरील सेवांची छाननी ही वेगळी गोष्ट होय. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील सुरक्षा-तपासणीच्या साधनांकडे बोट दाखवणारे मत अधिक ग्राह्य वाटते. ख्रिस्तोफर क्लाउस यांचे इंटरनेट सिक्युरिटी स्कॅनर (सुमारे १९९३) आणि डॅन फार्मर व वीत्से व्हेनेमा यांचे ‘सेटन’ (१९९५) ही त्यांतील प्रमुख साधने होत. गॉर्डन लायन यांनी ‘फ्योदोर’ या टोपणनावाने सप्टेंबर १९९७ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात ‘एनमॅप’ प्रसिद्ध केले आणि अनेक पद्धती एका साधनात आल्या. त्यांतील अर्धवट जोडणीची पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे. तीत सिन पॅकेट, म्हणजे जोडणी मागणारा छोटा संदेश, पाठवतात. उलट सिन-अ‍ॅक (होकार) आले तर पोर्ट उघडे, आरएसटी (नकार) आले तर बंद, काहीच आले नाही तर बहुधा मध्ये फायरवॉल (नको ती पॅकेटे अडवणारी यंत्रणा), असे समजतात. जोडणी पूर्ण होऊ दिली जात नाही, म्हणून ती सेवेच्या नोंदवहीत सहसा उमटत नाही.

फायरवॉलला पाठवणाऱ्याचा हेतू दिसत नाही. तिला दिसतात ती पॅकेटे आणि त्यांची संख्या. ठराविक वेळात एकाच आयपी पत्त्यावरून अमुक इतक्या पोर्टांकडे पॅकेटे आली की ती ‘पोर्ट स्कॅन’ अशी सूचना देते. हा उंबरठा प्रत्येक उत्पादनात वेगळा असतो. केवळ संख्येऐवजी फसलेल्या जोडण्यांचे प्रमाण पाहावे, अशी सांख्यिकीय पद्धत युंग, पॅक्सन, बर्गर व बालकृष्णन यांनी २००४ मध्ये मांडली. मोठ्या जाळ्यांच्या संदर्भात ती अधिक विश्वासार्ह ठरते. घरगुती साधनांत प्रायः साधी मोजणीच असते.

खोट्या सूचनांचे मूळ या मोजणीतच आहे. संगणक डीएनएस सर्व्हरला संकेतस्थळाचा पत्ता विचारतो तेव्हा प्रत्येक प्रश्नासाठी सहसा नवे तात्पुरते पोर्ट उघडतो. उत्तर उशिरा आले तर तोवर ते पोर्ट मिटलेले असते आणि फायरवॉलच्या लेखी ते न मागता आलेले पॅकेट ठरते. अशी उशिराची उत्तरे साठली की सेवा पुरवणाऱ्या कंपनीचाच डीएनएस सर्व्हर स्कॅन करत असल्यासारखे दिसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: उगम पोर्ट ५३ (डीएनएसचे) आणि गंतव्य पोर्ट तात्पुरत्या पट्ट्यातील, म्हणजे विंडोज व्हिस्टापासून पुढे ४९१५२ च्या वर. उगम पोर्ट ८० किंवा ४४३ असेल तर ती बहुधा वेबसर्व्हरची मागे राहिलेली पॅकेटे असतात. म्हणून सूचनेतील आयपी पत्त्याआधी दोन्ही पोर्ट क्रमांक वाचावेत. घाबरून डीएनएस सर्व्हरचा पत्ताच रोखला तर संकेतस्थळे उघडेनाशी होतात.

खरे स्कॅनही अखंड चालू असतात. मिशिगन विद्यापीठात तयार झालेले ‘झेडमॅप’ (२०१३) एका गिगाबिट जोडणीवरून आयपीव्ही-४ या पत्तापद्धतीचे जवळजवळ सर्व सार्वजनिक पत्ते एका पोर्टासाठी ४५ मिनिटांच्या आत तपासू शकते. तेव्हा अशी विनंती येणे म्हणजे कोणी आपल्यालाच हेरले असे नव्हे. राउटरच्या नॅटमागे (घरातील खाजगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्याआड ठेवणाऱ्या सोयीमागे) असलेल्या संगणकापर्यंत ती सहसा पोहोचतही नाही. उलट, सूचनेत १९२.१६८ ने सुरू होणारा खाजगी पत्ता असेल तर उगम घरातच शोधावा. तो राउटर, प्रिंटर किंवा दुसऱ्या संगणकावरील अँटिव्हायरस असू शकतो. पण घरातील कॅमेरा २३ किंवा २३२३ या पोर्टांकडे विनंत्या पाठवत असेल तर गांभीर्याने घ्यावे. २०१६ मधील ‘मिराय’ हा द्रोही प्रोग्रॅम कॅमेरे व राउटर बाधित करून टेलनेट या दूरून आज्ञा देण्याच्या सेवेच्या याच पोर्टांवरून पसरला. असे उपकरण तत्काळ जाळ्यापासून तोडून त्याचा मूळ पासवर्ड बदलावा.

पोर्ट नुसते बंद असावे की पूर्ण निरुत्तर, यावर मतभेद आहेत. निरुत्तर, म्हणजे ‘स्टेल्थ’, पोर्टांचा पुरस्कार स्टीव्ह गिब्सन यांच्या ‘शील्ड्सअप’ (१९९९) या चाचणीने लोकप्रिय केला. टीसीपीच्या १९८१ च्या मूळ विनिर्देशानुसार बंद पोर्टाने आरएसटी पाठवणे अपेक्षित आहे. निरुत्तर राहिल्याने स्कॅनची गती मंदावते, मात्र आत शिरण्याजोगी सेवा दोन्ही स्थितींत नसते. संरक्षणाच्या दृष्टीने फरक अल्प आहे.

भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सहा तासांत कळवायच्या घटनांमध्ये स्कॅनिंगचा समावेश आहे, परंतु तो महत्त्वाच्या जाळ्यांवर व प्रणालींवर लक्ष्य धरून केलेल्या स्कॅनपुरता.