छळ किती? ३७ टक्के की ८४?

डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या कामाच्या ठिकाणच्या छळाची टक्केवारी बातमीत आली, की नेमका प्रश्न काय विचारला होता ते आधी शोधावे. २००२ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ५९४ कनिष्ठ डॉक्टरांची पाहणी छापून आली. वर्षभरात आपला छळ झाला, असे ३७ टक्के म्हणाले. याच डॉक्टरांपुढे वागणुकीची यादी ठेवली (सहकाऱ्यांदेखत पाणउतारा, उगाच काढलेल्या चुका, कामाचा अवाजवी दबाव), तेव्हा ८४ टक्क्यांनी निदान एका ओळीपुढे खूण केली. खोटे कोणीच बोलले नव्हते. राउंडवर सगळ्यांसमोर झाप खाणे हा शिक्षणाचाच भाग, असे ऐकत तयार झालेला रेसिडेंट (रुग्णालयात काम करत शिकणारा डॉक्टर) त्याला छळ म्हणेलच असे नाही.

म्हणून नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाचे स्टाले आइनार्सन आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या 'एनएक्यू-आर' या प्रश्नावलीच्या २२ विधानांत 'छळ' हा शब्दच नाही. 'कामाला लागणारी माहिती तुमच्यापासून लपवली', 'तुमचे मत डावलले', अशी ती विधाने. गेल्या सहा महिन्यांत हे किती वेळा घडले? 'कधीच नाही'ला १, 'अधूनमधून'ला २, 'महिन्याला' ३, 'आठवड्याला' ४, 'रोज'ला ५ गुण. छळाची व्याख्या देऊन थेट प्रश्न येतो तो या २२ विधानांनंतर. आधी विचारला तर पुढची उत्तरे त्याच रंगात रंगतात.

खरी गंमत बेरजेत आहे. काहीच घडले नाही तरी २२ गुण होतात. नॉर्वेतल्या आकडेवारीवरून दोन रेषा ठरल्या: ३३ च्या खाली ठीक, ३३ ते ४४ धोक्याचा पट्टा, ४५ पासून पुढे छळ. आता, एखाद्याला रोज एकाच प्रकारे अपमानित केले जाते, बाकी काही नाही. त्याचे गुण २१ + ५ = २६, म्हणजे 'ठीक'! उलट, ११ गोष्टी नुसत्या अधूनमधून घडल्या तरी ३३ भरतात. कामाच्या ठिकाणच्या छळाचे आद्य अभ्यासक हाइन्झ लेमान यांचा जुना निकष वेगळा: एक प्रकार, आठवड्यातून निदान एकदा, निदान सहा महिने. त्यात हा माणूस सापडतो. पण 'न झेपणारे काम' हेही एक विधान असल्याने अख्ख्या वॉर्डातले रेसिडेंटही सापडतात. दोन्ही आकडे शेजारी छापावेत, दुसरा उपाय नाही. 'तुमचा बॉस टॉक्सिक आहे का?' छापाच्या दहा प्रश्नांच्या क्विझना असली कुठलीही रेषा नसते. त्यांची किंमत राशिभविष्याएवढीच.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो 'नाव लिहू नका' म्हणून वाटलेल्या फॉर्मच्या वरच्या रकान्यांत. विभाग, वर्ष, स्त्री की पुरुष, एवढे भरले की चार रेसिडेंटच्या युनिटमध्ये माणूस ओळखू येतो, आणि मग 'कधीच नाही'वर भराभर खुणा होतात. सीट सोडून गेलेले तर मोजणीत नसतातच. तेव्हा लहान युनिटांचे आकडे एकत्र करून मांडावेत, आणि भरलेले फॉर्म एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) टेबलावरून जाऊ देऊ नयेत.