ओपन सोर्स आहे ना, मग सेफच... पण तुम्ही चालवताय ते तेच आहे का?

कुठल्याही ग्रुपवर सॉफ्टवेअरचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अरे ते ओपन सोर्स आहे, कोड कोणीही बघू शकतं, त्यात गडबड असूच शकत नाही." मी स्वतः ओपन सोर्सचा भक्त माणूस, पण हे ऐकलं की डोकं फिरतं. २०२४ च्या मार्चमध्ये काय झालं आठवा. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा डेव्हलपर, त्याला एसएसएचचं (दूरच्या मशीनवर शिरायच्या प्रोग्रामचं) लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं, दुसरा कोणी असता तर चहा पिऊन विसरला असता, पण हा खोदत गेला आणि एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत, म्हणजे दुसरे प्रोग्राम उसना घेतात त्या तयार कोडमध्ये (५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये) चक्क चोरदरवाजा सापडला. आणि खरी मेख अशी की तो दरवाजा उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून प्रोग्राम बनवताना चालणाऱ्या सूचना) गिटवरच्या, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच! ती फक्त रिलीज म्हणून दिलेल्या टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) होती, बाकीचा माल टेस्टच्या फायली म्हणून लपवलेला. म्हणजे गिटवरचा कोड रोज डोळ्यात तेल घालून वाचणाऱ्यालाही ती स्क्रिप्ट दिसली नसती.

मुळात कोड आपण वाचतो, पण चालवतो ती बायनरी. कंपायलर त्या कोडचं मशीनला कळणाऱ्या शून्य-एकच्या भाषेत रूपांतर करतो आणि आपण डाउनलोड करतो ते हे तयार रूप. गिरणीत गहू टाकून घरी पीठ आणतो तसंच हे, गहू आपण निवडून पाखडून दिलेला असतो, पण डब्यातलं पीठ त्याच गव्हाचं कशावरून? बायनरी कोणाच्या तरी सर्व्हरवर बनते, त्या सर्व्हरमध्येच कोणी घुसलेलं असेल तर सोर्स कितीही स्वच्छ असून काय उपयोग.

यावरचा उपाय ऐकायला एकदम बाळबोध आहे. मी माझ्या मशीनवर तोच कोड कंपाइल करतो, तुम्ही तुमच्या मशीनवर करा, तिसरा कोणी जर्मनीत करेल, आणि तिघांच्या फायली बाइट-न्-बाइट सारख्या आल्या पाहिजेत. तपासायचं कसं, तर शा-२५६ हॅश काढायचा, फाइल केवढीही असो, ६४ अक्षरांचा ठसा मिळतो आणि आत एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो. ठसे जुळले तर तिन्ही मशीन एकाच वेळी एकाच पद्धतीने हॅक झाल्याशिवाय बायनरीत काही घुसडलेलं असणं जवळपास अशक्य. याला रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात.

आता करून बघा, जुळत नाहीत! आणि इथून पुढचा भाग मला प्रचंड आवडतो. सी भाषेत "अंडरस्कोर अंडरस्कोर टाइम" असा एक मॅक्रो (कंपायलर स्वतः भरतो अशी जागा) आहे, तो कंपाइल झाल्याची वेळ प्रोग्राममध्ये छापतो, म्हणजे तोच कोड एका मिनिटाने परत कंपाइल केला की फाइल वेगळी. जीझिप या कॉम्प्रेशन टूलच्या फाइलच्या सुरुवातीलाच ४ बाइट तारखेसाठी राखलेले असतात. फोल्डरमधल्या फायलींची यादी मागितली तर डिस्क ती कुठल्या क्रमाने देईल याची गॅरंटी नाही, त्यामुळे एकाकडे अ-ब-क आणि दुसऱ्याकडे क-अ-ब, झालं, लिंकिंगचा (तुकडे जोडून प्रोग्राम बनवण्याचा) क्रम बदलला. डीबगच्या (चुका शोधायला ठेवलेल्या) माहितीत तुमच्या होम फोल्डरचा पाथ जाऊन बसतो. भाषेची सेटिंग बदलली की सॉर्टिंग बदलतं. आणि पर्ल-पायथन या भाषांमध्ये तर माहिती साठवायच्या काही तक्त्यांचा क्रम मुद्दाम रँडम केलाय, हल्लेखोराला अंदाज येऊ नये म्हणून, म्हणजे एका सुरक्षेने दुसऱ्या सुरक्षेच्या पायात पाय घातला.

डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी २०१३ पासून ही एकेक भानगड निस्तरायला घेतली. वेळेच्या भानगडीवर तोडगा म्हणजे सोर्स डेट ईपॉक नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामना बाहेरून दिलेली सेटिंग), त्यात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात, आणि टूलने घड्याळ न बघता हाच आकडा वापरायचा, तो साधारणपणे पॅकेजच्या (इन्स्टॉल करायच्या गठ्ठ्याच्या) चेंजलॉगमधल्या, म्हणजे बदलांच्या वहीतल्या शेवटच्या नोंदीवरून घेतात. जीसीसीसारखे कंपायलरही आता हा आकडा मानतात. टेस्ट करताना तर हे लोक मुद्दाम छळतात, एकच पॅकेज दोनदा बनवायचं, दुसऱ्या वेळी टाइमझोन वेगळा, भाषा वेगळी, कर्नल (सिस्टिमचा गाभा) वेगळा, घड्याळ वर्षाहून जास्त पुढे ढकललेलं. तरी फरक आला तर डिफोस्कोप नावाचं टूल पॅकेजच्या आत, त्यातल्या आर्काइव्हच्या आत, त्यातल्या बायनरीच्या आत शिरून नेमका कुठला बाइट वेगळा ते दाखवतं. आज या टेस्टमध्ये डेबियनची ९० टक्क्यांहून जास्त पॅकेज जुळतात. एक्सझेडची चोरी मात्र यातून थेट पकडली गेली नसती हं, कारण तिथे विष टारबॉलमध्येच होतं, त्यासाठी टारबॉलही गिटवरून परत बनवून ताडून बघायला लागतो.

 

हे कंटाळवाणं काम कुठली कंपनी स्वतःहून कशाला करेल, त्यातून विकायला नवीन फीचर निघत नाही. म्हणून इथे ना-नफा संस्था लागतात. रिप्रोड्युसिबल बिल्ड्स हा प्रोजेक्ट सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीच्या छत्राखाली आहे, २००६ ची न्यूयॉर्कची संस्था, गिट, चित्रं काढायचं इंकस्केप, व्हर्च्युअल मशीन चालवणारं क्यूईएमयू हेही तिच्याकडेच. डेबियनचे पैसे १९९७ च्या सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेकडे असतात. प्रोजेक्ट म्हणजे जगभर विखुरलेली पोरं, त्यांच्या नावाने बँकेत खातं कोण उघडणार, करारावर सही कोण करणार, ट्रेडमार्क कोणाच्या नावावर? ते सगळं संस्था बघते, देणगी घेते, हिशेब ठेवते, आणि कोड कसा लिहायचा यात नाक खुपसत नाही. भारतातल्या ज्यांनी २०२३ ला कोचीत डेबकॉन्फ (डेबियनची वार्षिक परिषद) पाहिली त्यांना हे सगळं किती हौशी आणि किती शिस्तीचं असतं ते माहितीये.

एक लोचा तरी उरतोच. सगळ्यांच्या बायनरी जुळल्या, पण सगळ्यांनी वापरलेला कंपायलरच बिघडवलेला असेल तर? युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनने १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच दाखवलं, स्वतःला कंपाइल करताना चोरदरवाजा परत घुसवणारा कंपायलर, आणि त्याच्या सोर्समध्ये बघाल तर एक ओळ वावगी नाही. त्यावर ग्वीक्स या दुसऱ्या मोफत सिस्टिमच्या लोकांनी २०२३ मध्ये जे केलं ते भन्नाट आहे, त्यांनी ३५७ बाइटच्या एका बायनरीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने जीसीसीपर्यंतची सगळी साखळी सोर्समधून उभी केली. ३५७ बाइट माणूस हाताने तपासू शकतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे तेवढ्या जागेत मराठीची जेमतेम ११९ चिन्हं बसतात.